दलाली आणि तिचे प्रकटन : रुमालाखालील सौद्यापासून सशुल्क शिफारशीपर्यंत

१

‘दलाल’ हा शब्द मराठीत अरबीतून फारसीच्या द्वारे आला. त्याच्या मुळाशी असलेल्या अरबी धातूचा अर्थ ‘दाखविणे, वाट दाखविणे’ असा आहे. म्हणजे व्युत्पत्तीच्या दृष्टीने दलाल हा वाटाड्या होय. ज्याला बाजार अपरिचित आहे त्याला योग्य दुकानापर्यंत नेऊन पोहोचविणे, आणि त्या श्रमाबद्दल मोबदला घेणे, हे त्याचे मूळचे काम. या कामात निंद्य असे काहीच नाही. तथापि आज हा शब्द मराठीत बहुधा तिरस्कारानेच उच्चारला जातो. शब्दाच्या अर्थाला आलेली ही अवकळा आकस्मिक नव्हे. वाटाड्याला वाटसरूने पैसे दिले तर गोष्ट निराळी असते, आणि ज्या दुकानाशी वाट संपते त्या दुकानदाराने दिले तर निराळी असते. दुसऱ्या प्रकारचा मोबदला वाटसरूला ठाऊक नसेल, तर दाखविलेली वाट आणि विकलेली वाट यांतील भेद त्याला कळण्याचा मार्गच उरत नाही.

अलीकडच्या काळात हा प्रश्न नव्या रूपाने पुढे आला आहे. वस्तू वापरून पाहिल्याचे सांगून तिची शिफारस करणारे, आणि त्या शिफारशीबद्दल विक्रेत्याकडून पैसे, फुकट वस्तू वा विक्रीवरील हिस्सा घेणारे, असे एक नवे मध्यस्थ इंटरनेटच्या प्रसाराबरोबर निर्माण झाले. त्यांनी आपला मोबदला उघड केला पाहिजे असे सांगणारे नियम भारतात १९२१ साली नव्हे, तर त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, २०२१ पासून, येऊ लागले. परंतु मध्यस्थाचा गुप्त हितसंबंध उघड्यावर आणण्याची खटपट खानदेशात त्याहून पुष्कळ जुनी आहे. साक्रीसारख्या तालुक्याच्या गावाहून धुळ्याच्या पेठेत माल नेणाऱ्या शेतकऱ्याला या प्रश्नाशी प्रत्यक्ष झुंजावे लागले. त्या जुन्या इतिहासाच्या प्रकाशात नव्या नियमांकडे पाहिले असता असे दिसते, की प्रकटनाचा प्रश्न हा केवळ कायद्याचा नसून मुख्यतः भाषेचा आहे.

२

साक्री हे कान नदीच्या काठचे गाव धुळ्याच्या पश्चिमेस, धुळ्याहून सुरतेकडे जाणाऱ्या रस्त्यावर वसलेले आहे. खानदेशाच्या १८८० च्या गॅझेटियरमध्ये हा भाग पिंपळनेर तालुक्यात मोडतो. १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले, तेव्हा तो पश्चिम खानदेशात गेला. तालुक्याच्या पश्चिमेस सह्याद्रीच्या रांगा आणि पूर्वेस मोकळे रान. पूर्वेकडे अहिराणी, तर डोंगराकडे मावची, कोकणी आणि भिलीच्या बोली कानी पडतात. चाळीसगावाहून धुळ्यापर्यंत आगगाडी १९०० साली आली, परंतु साक्रीस ती पोहोचली नाही. त्यामुळे मोठ्या पेठेचा व्यवहार म्हणजे धुळ्याचा व्यवहार, आणि त्यासाठी बैलगाडीचा प्रवास अटळ होता.

अशा रीतीने पेठेत आलेला शेतकरी तेथे परका असे. मुक्काम, उचल, वजन आणि गिऱ्हाईक या चारही गोष्टींसाठी त्याला अडत्याचा आधार घ्यावा लागे. अडत्या त्याचा प्रतिनिधी म्हणून उभा राही आणि खरेदीदाराशी भाव ठरवी. हा भाव पुष्कळ ठिकाणी रुमालाखाली ठरत असे. उपरण्याच्या वा रुमालाच्या आड दोघांचे हात एकत्र येत, धरलेल्या बोटांच्या संख्येने आकडा सांगितला जाई, आणि होकार-नकारही बोटांनीच होई. बोटांच्या या भाषेला मराठीत ‘करपल्लवी’ असे सुंदर नाव आहे. मालाचा धनी शेजारीच उभा असला, तरी त्याच्या मालाचा भाव त्याच्या डोळ्यांसमोर परंतु त्याच्या दृष्टीआड ठरे.

जेथे हात झाकण्याची सोय नसे तेथे शब्द झाकले जात. व्यापारी व दलाल यांच्या सांकेतिक बोलीला ‘नंदभाषा’ म्हणतात. तीत ‘उधानू’ म्हणजे तीन, ‘मुळू’ म्हणजे पाच आणि ‘अंगुळू’ म्हणजे दहा. या संख्यावाचकांचा उपयोग संतवाङ्मयातही झालेला आढळतो, यावरून त्यांचे प्राचीनत्व सिद्ध होते. भाषाशास्त्राच्या दृष्टीने नंदभाषेचा विशेष हा, की तिचे व्याकरण सर्वस्वी मराठीच आहे. विभक्तिप्रत्यय मराठी, क्रियापदे मराठी, वाक्यरचना मराठी. बदलले आहेत ते केवळ मोजके शब्द, आणि तेही नेमके पैशाचे शब्द. त्यामुळे ऐकणाऱ्या शेतकऱ्याला संभाषण आपल्याच भाषेत चालले आहे असे वाटे. त्यातील निर्णायक शब्द तेवढा त्याला उमगत नसे.

करपल्लवी आणि नंदभाषा यांत एक महत्त्वाचा भेद आहे. पहिलीत संकेत दिसतच नाही. दुसरीत तो उघड कानावर पडतो, पण कळत नाही. परिणाम मात्र एकच : ज्या दोघांना हितसंबंध ठाऊक आहे त्यांच्यात व्यवहार सुरळीत चालतो, आणि ज्याच्या पैशाने तो चालतो तो तिसरा मनुष्य त्याबाहेर राहतो.

३

राज्यकर्त्यांचे लक्ष प्रथम या गुप्ततेकडे गेले नाही, मालाकडे गेले. मुंबई सरकारचा १८२९ चा तिसरा रेग्युलेशन आणि १८६३ चा नववा कायदा हे दोन्ही कापसातील लबाडीविषयीचे होत. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) कापसाला अपूर्व मागणी आली होती, आणि लँकेशायरच्या गिरण्यांना निर्भेळ माल हवा होता. म्हणून कापसात सरकी, माती वा पाणी मिसळणाऱ्यास शिक्षा ठरली. शेतकऱ्याला मिळणारा सल्ला निर्भेळ आहे की नाही, हा प्रश्न या कायद्यांच्या कक्षेत येतच नव्हता.

तो प्रश्न तत्त्वतः प्रथम सोडविला १८७२ च्या भारतीय करार कायद्याने. या कायद्याच्या २१५ व्या कलमानुसार प्रतिनिधीने आपल्या धन्याची संमती न घेता व सर्व महत्त्वाची परिस्थिती त्याला न सांगता धन्याच्या कामात स्वतःच्या हिशेबावर व्यवहार केला, आणि त्याने महत्त्वाची गोष्ट अप्रामाणिकपणे दडविली किंवा तो व्यवहार धन्याला अहितकारक ठरला, तर धन्याला तो नाकारता येतो. २१६ व्या कलमाने अशा गुप्त व्यवहारातून झालेला लाभ धन्याला मागता येतो. प्रकटनाचे तत्त्व याहून स्पष्ट शब्दांत मांडणे कठीण आहे. परंतु हे तत्त्व इंग्रजीत होते, न्यायालयात होते आणि व्यवहार झाल्यानंतर उपयोगी पडणारे होते. रुमालाखाली काय घडले हेच ज्याला कळले नाही, त्याने कशाबद्दल दावा लावावा? दडविलेल्या गोष्टीविरुद्ध दाद मागण्याचा अधिकार हा, गोष्ट दडलेली आहे तोवर, निरुपयोगीच असतो.

दुसरी वाट वऱ्हाडाने दाखविली. १८८६ मध्ये कारंजा येथील कापसाचा बाजार नियंत्रणाखाली आला, आणि १८९७ मध्ये वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजारांचा स्वतंत्र कायदा झाला. मुंबई इलाख्यात त्यासाठी १९२७ पर्यंत थांबावे लागले. त्या वर्षीच्या मुंबई कापूस बाजार कायद्याखाली नियंत्रित झालेल्या आरंभीच्या बाजारांत धुळ्याचा समावेश होता. पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या शाही कृषी आयोगाच्या अहवालाने अडत्याच्या स्थितीचे मर्म नेमके ओळखले : शेतकरी अडत्याला वर्षातून एखाद-दोन वेळा भेटतो, खरेदीदार रोज भेटतो, म्हणून त्याचा कल खरेदीदाराकडे राहतो. येथे अडत्याच्या दुष्टपणाचा आरोप नाही. प्रामाणिक मनुष्याचे मतही ज्याच्याकडून नित्य लाभ होतो त्याच्या बाजूने झुकते, एवढेच निरीक्षण आहे. आजच्या नियमांचा पायाही हाच आहे.

१९३९ च्या मुंबई कायद्याने ही व्यवस्था कापसाबाहेरील शेतमालाला लागू करण्याचा मार्ग मोकळा केला, आणि १९६३ च्या महाराष्ट्र कायद्याने तिला आजचे कृषी उत्पन्न बाजार समितीचे रूप दिले. या सुधारणांतील सर्वांत प्रभावी गोष्ट भाषिक होती : लिलाव उघड बोलीने झाला पाहिजे. रुमाल दूर झाला, आणि आकडा मराठीत, मोठ्याने, मालाच्या धन्यासमोर उच्चारला जाऊ लागला. त्याच्या जोडीला हिशेबपट्टी आली. तीत अडत, हमाली, तोलाई या कपाती वेगवेगळ्या मांडाव्या लागतात. अडतीचा दर किती असावा यावर वाद पुढेही चालू राहिला. अडत कोणी द्यावी हा वाद तर २०१६ च्या जुलैपर्यंत चालला, तेव्हा राज्य सरकारने फळे व भाजीपाला यांवरील अडत विक्रेत्या शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचे ठरविले. पण वाद होऊ शकला तो आकडा दिसत होता म्हणूनच. जे दिसत नाही त्याविषयी वादही करता येत नाही.

नियंत्रित बाजारात सर्व गैरव्यवहार थांबले असे कोणी म्हणणार नाही. परंतु १८७२ चे कलम आणि लिलावाची उघड बोली यांची तुलना उद्बोधक आहे. दोहोंचा हेतू एकच होता. पहिले शेतकऱ्यापर्यंत पोहोचले नाही, दुसरी पोहोचली. कारण ती निर्णयाच्या क्षणी, त्याच्या कानावर, त्याच्या भाषेत पडत होती.

४

वस्तू विकणाऱ्यांच्या बाजूने पाहता ‘जाहिरात’ हा शब्दही येथे विचारात घेण्यासारखा आहे. ‘जाहीर’ म्हणजे प्रकट, उघड. त्याचा विरोधी शब्द अरबीत ‘बातिन’, म्हणजे आतील, गुप्त. म्हणजे जाहिरातीच्या नावातच तिचे उघडेपण अभिप्रेत आहे. वृत्तपत्रांतील जाहिरात चौकटीत येई. आकाशवाणीच्या विविध भारतीवर १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे व नागपूर केंद्रांवरून व्यापारी जाहिराती सुरू झाल्या, त्याही संगीताच्या तुकड्यांनी गाण्यांपासून वेगळ्या ओळखता येत. जाहिरातीतील मजकूर अतिशयोक्त असेल, पण ती जाहिरात आहे हे श्रोत्याला तिच्या आकारावरूनच कळे. १९८५ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या भारतीय जाहिरात मानक परिषदेपुढे म्हणूनच दीर्घकाळ मुख्य प्रश्न जाहिरातीच्या सत्यतेचा होता, तिच्या ओळखीचा नव्हता.

ओळखीचा प्रश्न निर्माण झाला तो जाहिरात आणि सल्ला यांचा आकार एक झाला तेव्हा. साक्री तालुक्यातील शेतकरी आज पाण्याचा पंप, फवारणी यंत्र किंवा मोबाइल घेण्यापूर्वी त्याविषयीची चित्रफीत पाहतो. बोलणारा मनुष्य त्याच्यासारखाच दिसतो, त्याच्या वळणाचे बोलतो, वस्तू हातात घेऊन दाखवितो आणि शेवटी ‘खाली दिलेल्या दुव्यावरून घ्या’ असे सांगतो. या दुव्याची रचना पाहण्याजोगी आहे. वस्तूच्या पत्त्याच्या शेवटी काही अक्षरे व आकडे जोडलेले असतात. ती त्या शिफारसकर्त्याची खूण होय. त्या दुव्यावरून खरेदी झाली, की विक्रेत्याच्या यंत्रणेत ती त्याच्या नावे नोंदली जाते आणि किमतीचा ठरलेला हिस्सा त्याच्या खात्यावर जमा होतो. खरेदीदाराला बहुधा त्याच किमतीत वस्तू मिळते, त्यामुळे काही घडले आहे असे त्याला जाणवतही नाही.

ही नंदभाषाच होय. संकेत झाकलेला नाही, तो पडद्यावर स्पष्ट दिसतो. परंतु त्याचा अर्थ सांगणारा आणि विकणारा या दोघांनाच कळतो. फुकट मिळालेल्या वस्तूबद्दल लिहिलेला अभिप्राय मात्र करपल्लवीच्या जातीचा आहे. तेथे देवघेव दिसतच नाही.

यातील कायद्याची अडचण ध्यानात घेतली पाहिजे. अडत्या हा शेतकऱ्याचा प्रतिनिधी होता, म्हणून १८७२ चा कायदा निदान तत्त्वतः त्याला लागू पडे. शिफारस करणारा हा पाहणाऱ्याचा प्रतिनिधी नव्हे. दोघांत करार नाही, पैशाची देवघेव नाही, ओळखही नाही. आहे तो केवळ विश्वास. कराराबाहेरील या विश्वासाला संरक्षण देण्यासाठी ग्राहक कायद्याची वाट काढावी लागली.

५

या विषयात आरंभ अमेरिकेने केला. तेथील संघीय व्यापार आयोगाने १९८० मध्ये शिफारशींविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसृत केली, २००९ मध्ये ती इंटरनेटवरील लेखकांना स्पष्टपणे लागू केली आणि २०२४ मध्ये बनावट अभिप्रायांविरुद्ध बंधनकारक नियम केला. भारतात जाहिरात मानक परिषदेची प्रभावकांविषयीची मार्गदर्शक तत्त्वे २७ मे २०२१ रोजी प्रसिद्ध झाली व १४ जूनपासून अमलात आली. परंतु ही परिषद जाहिरात व्यवसायाने स्वेच्छेने उभारलेली संस्था आहे. कायद्याचे बळ आले ते २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने. त्याखाली जुलै २०२० मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले, आणि ९ जून २०२२ रोजी त्याने दिशाभूल करणाऱ्या जाहिराती व शिफारशी यांविषयी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. कायद्याच्या २१ व्या कलमाखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल शिफारसकर्त्यासही दहा लाख रुपयांपर्यंत, आणि पुन्हा तसे केल्यास पन्नास लाखांपर्यंत, दंड होऊ शकतो. शिवाय त्याला एक वर्षापर्यंत व पुढे तीन वर्षांपर्यंत शिफारस करण्यास मनाई करता येते. दाव्याची खातरजमा योग्य काळजीने केली असल्यास त्याचा बचाव होतो.

२०२२ च्या तत्त्वांतील प्रकटनाचे सूत्र मार्मिक आहे. शिफारस करणारा व व्यापारी यांच्यात असा संबंध असेल, की ज्यामुळे शिफारशीच्या मोलावर वा विश्वसनीयतेवर परिणाम व्हावा, आणि तो संबंध श्रोत्यांना सहज अपेक्षित नसेल, तर तो पूर्णपणे उघड केला पाहिजे. येथे कसोटी बोलणाऱ्याच्या हेतूची नाही, ऐकणाऱ्याच्या अपेक्षेची आहे. चौकटीतील जाहिरातीत मोबदला अपेक्षितच असतो. शेजाऱ्याच्या सुरात दिलेल्या सल्ल्यात तो नसतो. जानेवारी २०२३ च्या पुस्तिकेने पैसा, फुकट वस्तू, सवलत, भेट, प्रवास, इतकेच नव्हे तर नातेसंबंध व नोकरी यांचाही अशा संबंधांत समावेश केला. अभिप्रायांसाठी भारतीय मानक ब्यूरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये १९००० क्रमांकाचे मानक आणले. विकत घेतलेले, वा त्याच कामासाठी नेमलेल्या माणसांनी लिहिलेले, अभिप्राय प्रसिद्ध करू नयेत असे ते सांगते. मात्र ते ऐच्छिक स्वरूपात लागू करण्यात आले.

प्रकटन कोठे व किती वेळ असावे याचा तपशील जाहिरात मानक परिषदेने बारकाईने दिला आहे. पंधरा सेकंदांपर्यंतच्या चित्रफितीत खूण निदान तीन सेकंद दिसावी. दोन मिनिटांपर्यंतच्या चित्रफितीत एकतृतीयांश वेळ दिसावी. त्याहून दीर्घ चित्रफितीत वस्तूचा विषय चालू असेतोवर ती राहावी. केवळ ध्वनी असेल तेथे आरंभी व अखेरीस ती उच्चारली जावी. कालाचे हे मापन काटेकोर आहे. परंतु भाषेचे?

येथे दोन व्यवस्थांत तफावत आढळते. परिषदेच्या तत्त्वांनुसार खूण इंग्रजीत किंवा जाहिरातीच्या भाषेत चालते. प्राधिकरणाच्या पुस्तिकेनुसार ती शिफारशीच्याच भाषेत असावी. २०२२ च्या तत्त्वांतही खुलाशाची भाषा दाव्याच्या भाषेसारखीच हवी, असे म्हटले आहे. व्यवहारात मात्र मराठी बोलण्याच्या कोपऱ्यात एखादा इंग्रजी शब्द, किंवा त्याची दोन-तीन अक्षरे, ठेवून काम भागविण्याकडे कल होतो. शिवाय ‘कोलॅबोरेशन’ हा शब्द भारतात मान्य खुणांपैकी एक आहे, तर अमेरिकी आयोगाच्या २०१९ च्या सूचनांत त्याचे ‘कोलॅब’ हे संक्षिप्त रूप संदिग्ध म्हणून टाळण्यास सांगितले आहे. या शब्दाचा मराठी अर्थ ‘सहकार्य’. सहकार्य कोणी कोणाशी, आणि कशाच्या मोबदल्यात, हे त्यातून कळत नाही. ‘प्रायोजित’ हा शब्दही नियतकालिकांच्या वाचकाला परिचित असला, तरी शेताच्या बांधावर तो क्वचितच ऐकू येतो.

याउलट ‘जाहिरात’ हा शब्द सर्वत्र रूढ आहे. साक्रीच्या अहिराणी भाषकाला ‘हाई जाहिरात शे’ हे तीन शब्द पुरेसे आहेत, आणि त्यांना भाष्याची गरज नाही. बोलणारा जर विश्वास संपादण्यासाठी श्रोत्याची बोली वापरतो, तर मोबदला सांगण्यासाठीही त्याने तीच वापरली पाहिजे. शिफारस अहिराणीत आणि प्रकटन इंग्रजीत, ही वाटणी नंदभाषेच्या वाटणीहून भिन्न नाही. तेथेही गप्पा मराठीत आणि आकडा तेवढा परक्या शब्दात, अशीच व्यवस्था होती.

६

या सर्व इतिहासातून प्रकटनाची त्रिविध कसोटी हाती येते. ते निर्णयाच्या पूर्वी घडावे. ते बोलणाऱ्याच्या तोंडून घडावे. आणि ते ऐकणाऱ्याच्या भाषेत घडावे. करार कायद्याचे २१५ वे कलम पहिल्या व तिसऱ्या कसोटीला उतरले नाही, म्हणून न्याय्य असूनही ते शेतकऱ्याच्या फारसे उपयोगी पडले नाही. लिलावाची उघड बोली तिन्ही कसोट्यांना उतरली, म्हणून अनेक दोषांसह टिकली. नव्या नियमांनी पहिल्या दोन गोष्टींची चिंता वाहिली आहे. तिसरी कागदावर आली आहे, पण अजून जिभेवर आलेली नाही.

प्रकटनाने मध्यस्थाचा धंदा बुडेल ही भीती जुन्या पेठेत निराधार ठरली. रुमाल गेला, परंतु अडत्या गेला नाही. त्याची अडत हिशेबपट्टीवर आली आणि तो आपले काम करीत राहिला. ज्याचा सल्ला खरोखर उपयोगी आहे त्याला ‘मला याचे पैसे मिळतात’ हे वाक्य जड जाण्याचे कारण नाही. ते ऐकूनही ज्याला विश्वास ठेवावासा वाटेल तो ठेवील. फरक एवढाच, की तो विश्वास मग डोळे उघडे ठेवून दिलेला असेल, आणि ‘दलाल’ या शब्दाला त्याचा मूळचा वाटाड्याचा अर्थ काही अंशी परत मिळेल.